रिमोटवर सूर्य आहे, पण एसी गरम का करत नाही? हीट पंप आणि एअर हँडलर समजून घ्या

जानेवारीतली पहाट होती. आजीच्या खोकल्याने घर जागं झालं. तिला दम्याचा त्रास आहे आणि थंडी वाढली की तो बळावतो. डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: खोली उबदार ठेवा आणि धूर अजिबात नको.

आमचं ओझर म्हणजे अष्टविनायकातलं नव्हे, ते पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात आहे. आमचं नाशिकजवळचं, विमानांच्या कारखान्यामुळे लोक ज्याला 'ओझर मिग' म्हणतात ते. तालुका निफाड. आणि निफाड म्हटलं की हिवाळ्यात नीचांकी तापमानाच्या बातम्या आल्याच. पारा ५-६ अंशांवर येणं आमच्याकडे नवीन नाही.

पूर्वी आजी खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची. ती आम्ही बंद केली. फक्त धुरामुळे नाही. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत जीव जाऊ शकतो. तुमच्या घरी कोणी रात्री शेगडी आत घेत असेल, तर बाकीचा लेख नंतर वाचा, आधी ती बाहेर ठेवा.

मग आणला दोन रॉडचा हीटर, २००० वॉटचा. ऊब मिळाली, पण महिन्याचं बिल पप्पांनी दोनदा वाचलं. तेव्हा माझी नजर गेली एसीच्या रिमोटवर. मोड बटण दाबत गेलं की बर्फाचं चिन्ह, थेंबाचं चिन्ह, पंखा आणि शेवटी चक्क सूर्य! मी सूर्य लावला, ३० अंश सेट केले आणि अर्धा तास वाट बघितली. पंखा फिरत होता, हवा येत होती, गरम काही होत नव्हतं.

मेकॅनिक दादा आले, त्यांनी मॉडेल नंबर बघितला आणि हसले. "अरे, रिमोट सगळ्या मॉडेलला एकच देतात. तुमचं मशीन कूलिंगवालंच आहे. यात फोर-वे व्हॉल्व्ह नाही."

एका व्हॉल्व्हमुळे थंड करणारं मशीन गरम कसं करायला लागेल, हे मला तेव्हा कळेना. ते समजून घेतलं आणि एसी, फ्रिज, द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज हे सगळंच एकदम उलगडलं. तेच इथे सांगतो.

एसी थंडी तयार करत नाही

विहिरीवरची मोटर पाणी तयार करते का? नाही. पाणी विहिरीत असतंच, मोटर फक्त ते खालून वर आणते. विहीर जितकी खोल, तितकी वीज जास्त.

एसीचंही तसंच आहे. तो थंडी बनवत नाही. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. म्हणून त्याच्या बाहेरच्या युनिटसमोर उभं राहिलं की गरम झळ लागते. ती तुमच्या खोलीतलीच उष्णता आहे, वर मशीनने खाल्लेल्या विजेची थोडी भर.

उष्णता आपणहून नेहमी गरम जागेकडून थंड जागेकडे जाते, जसं पाणी उताराकडे जातं. तिला उलट दिशेने, म्हणजे चढावर न्यायचं असेल तर पंप लागतो. असा पंप म्हणजेच हीट पंप. या अर्थाने प्रत्येक एसी आणि प्रत्येक फ्रिज हा हीट पंपच आहे. फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघा, कोमट लागेल. ती आतल्या दुधा-भाजीतून काढलेली उष्णता.

मात्र बाजारात 'हीट पंप' हा शब्द बहुतेक वेळा त्या मशीनसाठी वापरतात, जे दोन्ही दिशांना काम करतं: उन्हाळ्यात उष्णता बाहेर, हिवाळ्यात उष्णता आत. दुकानात त्याला 'हॉट अँड कोल्ड एसी' म्हणतात.

बाहेर ६ अंश असताना उष्णता आणणार कुठून?

हा प्रश्न आजीनेच विचारला होता. "बाहेर एवढा गारठा, अन् तू म्हणतो मशीन तिथून ऊब आणतं?"

आपल्याला ६ अंश गार वाटतात, कारण आपलं शरीर ३७ अंशांवर असतं. पण पदार्थातली उष्णता शून्य अंशाला संपत नाही. तापमानाची खरी तळरेषा उणे २७३ अंश सेल्सिअस आहे. तिथून मोजलं तर ६ अंशांची हवा तळापासून २७९ अंश वर आहे. म्हणजे उष्णता आहे, फक्त आपल्या खोलीपेक्षा खालच्या पातळीवर आहे. विहिरीत पाणी आहे, पण खाली आहे. तसंच.

आजीला मी तिच्याच अनुभवातली गोष्ट आठवून दिली. कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने विहिरीचं पाणी सोडतात, ते कशाला? पहाटे विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. ते जमिनीच्या पोटातली ऊब बागेत आणतं आणि वेलींजवळची हवा थोडी सावरते. तिथे उष्णता उतारावरून वाहते, गरम पाण्याकडून गार हवेकडे. आपल्या खोलीत मात्र ती चढावर न्यायची आहे, ६ अंशांवरून २२ अंशांवर. म्हणून कॉम्प्रेसर लागतो.

चार भाग, एक गॅस

आता मशीन उघडू. आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं बंद वर्तुळ असतं आणि त्यात एक खास द्रव-वायू फिरत असतो. त्याला रेफ्रिजरंट म्हणतात, मेकॅनिक त्याला नुसतं 'गॅस' म्हणतात. आजकालच्या घरगुती एसीत बहुतेक वेळा आर-३२ असतो. त्याची खासियत ही की साध्या हवेच्या दाबाला तो उणे ५२ अंशांच्या आसपासच उकळतो.

उकळण्याला उष्णता लागते. लग्नाच्या स्वयंपाकात मोठी शेगडी बराच वेळ चालली की सिलेंडर बाहेरून गार पडतो, त्याला घाम येतो, कधी बर्फही धरतो. आतला द्रव उकळून वायू होताना सिलेंडरच्या भिंतीतून आणि आजूबाजूच्या हवेतून उष्णता ओढून घेतो. एसीतली 'थंडी' म्हणजे हेच.

दुसरी गोष्ट कुकरची. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. म्हणजे दाब वाढवला की उकळण्याचं तापमान वर जातं, दाब कमी केला की खाली येतं. हीट पंपची सगळी करामत या एका वाक्यात आहे.

आता क्रमाने बघू. हिवाळ्यात, खोली गरम करताना:

१. बाहेरची कॉईल (इव्हॅपोरेटर): इथे गॅस कमी दाबाला असतो, त्यामुळे समजा उणे ४ अंशांना उकळतो. बाहेरची ६ अंशांची हवा त्याच्यासाठी 'गरम'च. ती हवा उष्णता देते, द्रवाचा वायू होतो.

२. कॉम्प्रेसर: हा वायू दाबतो. दाब वाढला की तापमानही वाढतं. सायकलचा पंप मारताना नळी गरम लागते ना, तसं. विजेचा मोठा वाटा इथेच खर्च होतो.

३. आतली कॉईल (कंडेन्सर): गरम वायू खोलीतल्या कॉईलमध्ये येतो. दाब जास्त असल्यामुळे तो आता ४०-४५ अंशांनाच पुन्हा द्रव व्हायला लागतो. उकळताना घेतलेली उष्णता द्रव होताना परत देतो. पंखा ती खोलीत पसरवतो.

४. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह: अरुंद वाट. इथून जाताना द्रवाचा दाब एकदम पडतो, तो पुन्हा गार होतो आणि बाहेरच्या कॉईलकडे निघतो.

उन्हाळ्यात तेच वर्तुळ उलटं. आतली कॉईल उष्णता घेते, बाहेरची टाकते.

मग तो फोर-वे व्हॉल्व्ह काय करतो?

कॉम्प्रेसर नेहमी एकाच दिशेने ढकलतो. त्याला उलटं फिरवता येत नाही. म्हणून त्याच्या तोंडाशी चार नळ्यांचा एक व्हॉल्व्ह बसवतात. शेतात पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायला आपण बारं फोडतो, मोटर तीच राहते. तसं हा व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरमधून आलेला गरम वायू उन्हाळ्यात बाहेरच्या कॉईलकडे वळवतो, हिवाळ्यात आतल्या कॉईलकडे.

आमच्या जुन्या एसीत तो नव्हताच. रिमोटवर सूर्य होता, मशीनमध्ये वळणच नव्हतं.

बिलाचा हिशोब

हीटरमध्ये १ युनिट वीज घातली की १ युनिट उष्णता मिळते. त्याहून जास्त कधीच नाही, मग हीटर कितीही महाग असो. कारण तो विजेचीच उष्णता करतो.

हीट पंप विजेने उष्णता वाहून आणतो. आमच्याकडच्या थंडीत चांगलं मशीन १ युनिट विजेवर साधारण ३ युनिट उष्णता खोलीत आणू शकतं. यात निसर्गाचा कुठलाही नियम मोडत नाही: १ युनिट विजेतून आलं, उरलेली २ बाहेरच्या हवेतून. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात.

आमचा हिशोब असा झाला. २००० वॉटचा हीटर रात्री ५ तास म्हणजे १० युनिट. तेवढीच उष्णता हीट पंपने आणली तर सव्वातीन-साडेतीन युनिट. सोपं जावं म्हणून युनिटला १० रुपये धरा. हीटरचे रोजचे १००, हीट पंपचे ३३-३५. हिवाळ्याचे ६० दिवस धरले तर फरक जवळपास ४००० रुपये.

पण हे दोन्हीकडे कापणारं गणित आहे. तुमच्याकडे हीटर वर्षातून दहाच रात्री लागत असेल, तर बचत साडेसहाशेच्या आसपास येते. मग फक्त त्यासाठी नवीन एसी घेण्यात अर्थ नाही. खिडकीच्या फटी बुजवा, जाड पडदा लावा, रजई घ्या.

विहिरीची खोली इथेही लक्षात ठेवा. आत आणि बाहेर जितका फरक, तितकी वीज जास्त. म्हणून उन्हाळ्यात १८ वर लावलेला एसी २४ वर लावलेल्यापेक्षा जास्त खातो. भारतात स्टार लेबल असलेले घरगुती एसी २०२० पासून चालू केल्यावर आपोआप २४ अंशांवर येतात, ते याच कारणासाठी. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं.

ही कल्पना नवीन नाही. स्वित्झर्लंडमध्ये ज्यूरिखच्या नगरभवनात १९३८ मध्ये हीट पंप चालू झाला. तो शेजारच्या लिम्मत नदीच्या गार पाण्यातून उष्णता घेऊन इमारत गरम करायचा. आज नॉर्वेसारख्या बर्फाच्या देशात निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत.

आता दुसरा अर्धा भाग: एअर हँडलर

इथपर्यंत उष्णता कॉईलपर्यंत आली. पण कॉईल म्हणजे खोली नव्हे. कॉईलपासून माणसापर्यंत (किंवा द्राक्षापर्यंत) उष्णता नेणं-आणणं हे हवेचं काम, आणि ती हवा हाताळणारी पेटी म्हणजे एअर हँडलर.

भिंतीवरचं स्प्लिट एसीचं आतलं युनिट हा छोटा एअर हँडलरच. मंगल कार्यालय, सिनेमागृह, मोठं हॉस्पिटल इथे तो कपाटाएवढा किंवा खोलीएवढा असतो. तिथे त्याला 'एएचयू' म्हणतात. आतला क्रम मात्र तोच: खोलीतली हवा परत येते, फिल्टरमधून जाते, कॉईलवरून जाते, ब्लोअर तिला डक्टमधून पुन्हा खोलीत ढकलतो. कॉईलवर जमलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये पडून नळीने बाहेर जातं. मोठ्या युनिटमध्ये थोडी ताजी हवाही मिसळतात, नाहीतर शंभर माणसं एकमेकांचा श्वासच घेत बसतील.

एअर हँडलर किती महत्त्वाचा, हे मी पुस्तकात नाही, पॅकहाऊसमध्ये शिकलो.

द्राक्षाच्या सीझनला मी आमच्या भागातल्या एका पॅकहाऊसमध्ये नोंदी ठेवायचं काम केलं होतं. फेब्रुवारीत माल येतो तेव्हा मण्याच्या आतलं तापमान २५-२८ अंश असतं. निर्यातीचा माल आधी प्री-कूलिंगच्या खोलीत जातो. तिथे साधारण ६ ते ८ तासांत तो ४ अंशांच्या आसपास आणायचा, मग शून्य ते एक अंशाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायचा. माझं काम सोपं होतं. दर तासाला सुईचा थर्मामीटर मण्यात टोचायचा आणि आकडा लिहायचा.

यात केवढी उष्णता काढावी लागते बघा. ५ टन द्राक्षं २८ वरून ४ अंशांवर आणायची तर साधारण १२० युनिट उष्णता बाहेर काढायची. म्हणजे आजीचा हीटर सलग ६० तास चालवला तर जेवढी उष्णता देईल, तेवढी. सहा तासांत ती काढायला सरासरी सहा टन क्षमतेचं मशीन लागेल, आणि भिंती, दार, पंख्यांची उष्णता वेगळी. (हा 'टन' वजनाचा नाही. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी क्षमता. म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट.)

प्री-कूलिंगमध्ये पेट्या दोन रांगांत रचतात आणि मध्ये बोळ ठेवतात. वरून आणि एका टोकाला ताडपत्री टाकतात, दुसऱ्या टोकाला मोठा पंखा. पंखा बोळातली हवा ओढतो. हवेला आत यायला एकच वाट उरते, ती म्हणजे पेट्यांची भोकं. त्यामुळे गार हवा पेटीतून, घडांमधून गेल्याशिवाय सुटतच नाही. मग ती कॉईलवर जाते, उष्णता तिथे टाकते आणि पुन्हा येते.

एका संध्याकाळी सहा तासांनंतर सगळीकडे ५ अंश आणि एका रांगेच्या टोकाला १३. मी पुन्हा टोचलं, पुन्हा १३. सगळ्यांना आधी वाटलं मशीन बिघडलं. कॉम्प्रेसर बघितला, प्रेशर बघितलं, सगळं ठीक. शेवटी एका ताईंनी बोट दाखवलं. टोकाची ताडपत्री वीतभर आखूड पडली होती. हवा पेट्यांतून जायची तसदी कशाला घेईल? तिला शॉर्टकट मिळाला होता. गार हवा त्या फटीतून सरळ पंख्यात जात होती आणि टोकाच्या पेट्या तशाच बसल्या होत्या.

तो माल त्या रात्रीच्या कंटेनरमध्ये भरता आला नाही. गरम माल गार मालाबरोबर भरला की पेटीत पाणी सुटतं आणि बोटीच्या प्रवासात बुरशी धरते. पाऊण एकरावर बाग असलेल्या त्या शेतकऱ्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो रात्रभर थांबला. ताडपत्री नीट लावून पुन्हा हवा खेळवली, माल पहाटे ४ अंशांवर आला आणि दुसऱ्या दिवशी गेला. मशीन आधीही ठीक होतं, नंतरही. चुकली होती हवेची वाट.

थंडी सारखीच, ओलावा वेगळा

मग घरचा एसी मोठा करून कोल्ड स्टोरेज का होत नाही? कारण एअर हँडलर फक्त तापमान बदलत नाही, ओलावाही बदलतो. गार कॉईलवर हवेतली वाफ पाणी होऊन टपकते. कॉईल हवेपेक्षा जितकी जास्त गार, तितकी हवा कोरडी. माणसाला पावसाळ्यात ते बरं वाटतं. द्राक्षाला नाही. हवा कोरडी झाली की देठ सुकून तपकिरी होतो आणि माल नाकारला जातो. म्हणून द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवतात. त्यासाठी कॉईल मुद्दाम मोठी घेतात, म्हणजे ती हवेपेक्षा थोडीच गार ठेवून काम भागतं.

गंमत म्हणजे आधुनिक एअर कंडिशनिंगची सुरुवातही माणसांसाठी झाली नाही. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात कागद दमट हवेने फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचे नाहीत. ते थांबवायला विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने गार कॉईलवरून हवा नेण्याची यंत्रणा आखली. तिथे कागद होता, आमच्याकडे द्राक्ष.

घरच्या मशीनमध्ये हे कुठे दिसतं?

*एसीतून पाणी गळतंय किंवा आत बर्फ धरतोय:* आधी फिल्टर बघा. एक टन क्षमतेला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते. फिल्टर धुळीने भरला की हवा कमी जाते, कॉईलला उष्णता मिळत नाही, ती शून्याखाली जाते आणि बर्फ धरते. ट्रेची नळी तुंबली तरी पाणी गळतं. वापराच्या दिवसांत महिन्यातून एकदा फिल्टर काढून पाण्याने धुवा, वाळवा, लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

*दरवर्षी 'गॅस संपला':* गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. वर्तुळ बंद असतं. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. पैसे देण्याआधी "गळती कुठे आहे ते दाखवा" म्हणा. आणि स्वतः भरायला जाऊ नका, आर-३२ काही प्रमाणात पेट घेणारा आहे.

*बाहेरचं युनिट कोंडलंय:* बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा त्याच युनिटमध्ये आली तर विहीर आणखी खोल झाली समजा. बंद गॅलरीत, जाळीमागे सामान ठेवून ते कोंडू नका.

*हिवाळ्यात गरम करता करता मशीन मध्येच थांबतं, बाहेर वाफ दिसते:* घाबरू नका. धुक्याच्या पहाटे बाहेरची कॉईल शून्याखाली असते आणि तिच्यावर हिम धरतं. ते वितळवायला मशीन काही मिनिटं स्वतःच उलटं चालतं. त्या वेळी गार हवा अंगावर येऊ नये म्हणून आतला पंखा थांबतो. याला डीफ्रॉस्ट म्हणतात.

घ्यायचा असेल तर काय विचाराल?

- रिमोट बघू नका, मॉडेल नंबर बघा. माहितीपत्रकात 'हीटिंग कपॅसिटी' वेगळी दिलेली आहे का? नसेल तर ते मशीन गरम करत नाही.
- बाहेर किती तापमानापर्यंत ते गरम करतं, हे विचारा. आमच्यासारख्या ठिकाणी शून्याच्या आसपास चालणारं हवं.
- हीटिंगमध्ये किती वॉट खातं आणि किती उष्णता देतं? भागाकार करा. ३ किंवा जास्त आला तर चांगलं.
- बिलात बचत किती, ते तुमच्या रात्री मोजून ठरवा. दुकानदाराच्या रात्री मोजून नाही.

आमचा एसी तसाही म्हातारा झाला होता. मेमध्ये बदलायचाच होता, म्हणून थोडे पैसे जास्त घालून हॉट अँड कोल्ड घेतला. खिडकीच्या फटीही बुजवल्या. कारण फट राहिली तर घरातही ताडपत्री आखूडच.

डिसेंबरच्या पहिल्या गारठ्यात तो लावला. आजी भिंतीकडे बराच वेळ बघत बसली. "आग कुठंय रे यात?"

"आग नाहीच आजी. बाहेरून आणतोय."

तिने दार उघडून बाहेरच्या युनिटसमोर हात धरला. तिथून बर्फासारखी हवा येत होती. ती आत आली, दार घट्ट लावलं आणि म्हणाली, "बाहेरच्याला अजून गार करून टाकलं की मेल्यानं."

एका वाक्यात हीट पंप याहून नीट सांगता येत नाही. त्या रात्री तिला खोकला आला, पण एकदाच. शेगडी आता अंगणात असते, हुरड्यापुरती.